एनडीएच्या यादीत नाव नाही, आता पुढे?

संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा घेतो. दर वेळी साधारण चारशे जागा असतात आणि अर्ज लाखोंनी येतात. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाण्याची मनापासून ओढ असलेल्या बहुसंख्य मुलामुलींना कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर नकार मिळणार, हे या आकड्यांवरूनच दिसतं. तयारी करून घेणारे वर्ग आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. नकार आल्यानंतर मात्र मुलाजवळ बसून पुढचं बोलणारं माणूस सहसा मिळत नाही. हा लेख त्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. एनडीएतून नकार पाच वेगवेगळ्या ठिकाणी मिळू शकतो: लेखी परीक्षा, एसएसबीचा, म्हणजे सेवा निवड मंडळाचा, पहिला दिवस, पाचवा दिवस, वैद्यकीय तपासणी आणि अंतिम गुणवत्ता यादी. या प्रत्येक ठिकाणच्या नकाराचा अर्थ वेगळा आणि त्यानंतर करायचं कामही वेगळं. ‘मी नापास झालो’ एवढंच म्हणून थांबलात तर पुढचा रस्ता दिसणार नाही. आपण नेमके कुठे थांबलो, हे आधी शोधा.

पहिले पंधरा दिवस

एसएसबीच्या शेवटच्या दिवशी निवड झालेल्यांचे चेस्ट नंबर पुकारले जातात. ती मुलं वैद्यकीय तपासणीसाठी थांबतात आणि बाकीच्यांना सामान आवरून स्टेशन गाठावं लागतं. पाच दिवस एकत्र जेवलेली, एकत्र दोरावर चढलेली मुलं तासाभरात दोन गटांत विभागली जातात. भोपाळहून किंवा बंगळुरूहून घरी येतानाचा रेल्वेचा प्रवास फार लांब वाटतो. त्या वेळी रडू आलं तर येऊ द्या. ज्या गोष्टीसाठी दोन-तीन वर्षं पहाटे उठून धावलात, ती हातून गेल्याचं दुःख खरं आहे. ते लपवल्याने लवकर संपत नाही.

आपल्याकडे या दुःखात आणखी एक भर पडते. लेखी परीक्षा पास झाल्यावरच गावात अभिनंदनाचे फलक लागतात, शाळेत सत्कार होतो, नातेवाईक ‘आमचा साहेब’ म्हणू लागतात. निकाल विरुद्ध गेला की तीच माणसं रोज विचारतात, ‘काय झालं रे?’ यासाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘या वेळी झालं नाही, पुढचं ठरवतोय.’ एवढं पुरे आहे. प्रत्येकाला सविस्तर सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. आईवडिलांना मात्र स्वतः फोन करून सांगा. त्यांना ते दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

पहिल्या पंधरा दिवसांत मोठा निर्णय घेऊ नका. कॉलेज सोडणं, ‘आता फौजेचं नावही नको’ म्हणून पुस्तकं वाटून टाकणं किंवा लगेच महागड्या क्लासचे पैसे भरणं, यातलं काहीही या दिवसांत करू नका. सकाळची धाव मात्र चालू ठेवा, कारण शरीराची शिस्त टिकली की मनालाही आधार मिळतो.

या दिवसांत एक काम मात्र टाळू नका. परतल्यावर एक-दोन दिवसांत, आठवण ताजी असतानाच, सगळं वहीत उतरवून काढा. पीआयक्यू या वैयक्तिक माहितीच्या अर्जात काय लिहिलं, मुलाखतीत कुठल्या प्रश्नावर अडखळलात, गटचर्चेत किती वेळा बोललात, कमांड टास्कमध्ये काय झालं, चित्रांवर कोणत्या गोष्टी लिहिल्या, ते सगळं लिहा. मंडळ नकाराचं कारण सांगत नाही. त्यामुळे पुढच्या तयारीसाठी ही वही तुमचा सर्वांत विश्वासाचा कागद ठरेल.

दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर मदत मागायला उशीर करू नका. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. मदत मागितल्याने तुमच्यातला सैनिक कमी होत नाही.

कुठे थांबलात, त्याचा अर्थ काय?

लेखी परीक्षेत थांबला असाल तर प्रश्न अभ्यासाचा आहे, व्यक्तिमत्त्वाचा नाही. ही परीक्षा ९०० गुणांची असते: गणित ३०० आणि सामान्य क्षमता चाचणी ६००. त्या सहाशेत इंग्रजी २०० गुणांचं आहे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. मराठी माध्यमातल्या अनेक मुलांचं गणित चांगलं असतं, पण इंग्रजीच्या दोनशेत ती मागे पडतात आणि अंदाजाने उत्तरं देऊन हातचे गुण घालवतात. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या की आपली गळती कुठे होते ते दिसतं. ही उणीव सहा महिन्यांत बरीचशी भरून काढता येते.

स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे पहिल्याच दिवशी, बाहेर पडला असाल तर तुमच्याविषयी मंडळाला फारसं काही कळलेलंच नाही. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी होते. नंतर एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, ती गटासमोर सांगायची आणि चर्चेत भाग घ्यायचा. त्या चर्चेचा मासळीबाजार होतो, असं मुलं म्हणतात, आणि ते खरंही आहे. तिथे शांत स्वभावाच्या मुलाचा आवाज दबून जातो. मित्रांच्या गटात रोज एक मिनिट उभं राहून, न अडखळता एक गोष्ट सांगण्याचा सराव करा. ओरडणाऱ्याच्या वरताण ओरडायची गरज नसते. दोन मुद्दे स्पष्ट मांडणं आणि दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणं जमलं पाहिजे.

पाचव्या दिवशी बाहेर पडला, म्हणजे ‘कॉन्फरन्स आउट’ झाला असाल, तर तो नकार सर्वांत जास्त लागतो. आपलं माणूसपणच तपासलं आणि नाकारलं, असं वाटतं. म्हणून मंडळ काय पाहतं ते समजून घ्या. मानसशास्त्रज्ञ तुमचं लेखन वाचतात, मुलाखत घेणारे अधिकारी तुमचं बोलणं ऐकतात आणि मैदानी चाचण्या घेणारे अधिकारी, म्हणजे जीटीओ, तुमची मैदानावरची कृती पाहतात. तिघेही स्वतंत्रपणे मूल्यमापन करतात. एसएसबीच्या वर्तुळात याला ‘मनसा, वाचा, कर्मणा’ म्हणतात. अधिकाऱ्याला लागणारे पंधरा गुण ठरलेले आहेत आणि ते या तिन्ही ठिकाणी सारखे दिसतात का, एवढंच मंडळ तपासतं. तुम्ही चांगले माणूस आहात की नाही, हुशार आहात की नाही, तुमचं आयुष्य कसं जाईल, यातलं काहीही ठरवायला ते बसलेलं नसतं.

या टप्प्यावर पाठ केलेल्या गोष्टी आणि क्लासने दिलेली साचेबंद उत्तरं सर्वांत जास्त नडतात. लेखनात धाडसी नायक आणि मैदानावर दोन पावलं मागे, ही तफावत लपत नाही. तिथे हवे असलेले गुण पुस्तकापेक्षा जगण्यातून येतात. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी घ्या, ट्रेकची आखणी करा, गावातल्या मुलांचा कबड्डीचा संघ बांधा, घरचा शेतीचा हिशेब हातात घ्या. सहा महिने खरी जबाबदारी निभावलेला मुलगा दुसऱ्यांदा मंडळासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काहीतरी असतं.

मंडळाने शिफारस केली पण अंतिम यादीत नाव आलं नाही, तर लक्षात घ्या: तुमच्यात अधिकारी होण्याची क्षमता आहे, असं स्पष्ट उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे. अंतिम यादी १८०० गुणांवर लागते, ९०० लेखी आणि ९०० एसएसबीचे. शिफारस मिळूनही मागे राहणाऱ्याने पुढच्या वेळी सगळी ताकद एसएसबीवर लावू नये. गणिताचे साठ-सत्तर गुण वाढवणं जास्त सोपं असतं, आणि तेवढ्याने यादीतली जागा पार बदलू शकते.

वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला असाल तर आधी अहवालाची प्रत नीट वाचा. ‘तात्पुरते अपात्र’ आणि ‘कायमचे अपात्र’ यांत मोठं अंतर आहे. जास्त वजन, कानातला मळ, नाकाचा वाकलेला पडदा, हायड्रोसील यांसारख्या गोष्टींवर उपचार होऊ शकतात. अपात्रतेविरुद्ध ठरावीक मुदतीत अपील वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. ही मुदत अहवालासोबत सांगितली जाते, ती चुकवू नका. मुदत चालू असताना घरगुती सल्ल्यांत दिवस घालवू नका. लष्करी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या डॉक्टरांना किंवा त्या विषयातल्या तज्ज्ञाला लगेच भेटा. डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी मात्र अधिसूचना दोनदा वाचा, कारण या शस्त्रक्रियेचे नियम वयाप्रमाणे आणि प्रवेशमार्गाप्रमाणे बदलतात. घाईने केलेली शस्त्रक्रिया उघडं दारही बंद करू शकते.

रंगांधत्वासारखं कारण असेल तर त्यावर उपचार नाही. हे स्वीकारणं जड आहे. पण त्यात तुमची चूक नाही आणि तयारीतही काही कमी पडलेलं नाही. अशा मुलांनी अपील, पुन्हा अर्ज, पुन्हा नकार या चक्रात वर्षं न घालवता लवकर वाट बदलावी. मर्चंट नेव्हीतही रंगदृष्टीचे नियम कडक असतात, म्हणून तिकडे वळण्याआधी तेही तपासून घ्या.

अधिकारी होण्याचे इतर मार्ग

एनडीएची वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षं आहे. बहुतेकांना तीन-चार संधी मिळतात. त्या संपल्या म्हणजे सैन्यदलाचं दार बंद झालं, हा समज अगदी चुकीचा आहे. अनेक अधिकारी पदवीनंतरच्या मार्गांनी येतात.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असेल तर लष्कराची १०+२ तांत्रिक प्रवेश योजना पाहा. त्यासाठी या विषयांत ६० टक्के गुण आणि जेईई मेन दिलेली असावी लागते. वेगळी लेखी परीक्षा नसते. नौदलही जेईई मेनच्या क्रमावरून एळिमला येथील अकादमीत बी.टेक.साठी प्रवेश देतं. एनडीएचा फॉर्म भरणारा मुलगा जेईई मेनकडे दुर्लक्ष करतो आणि हे दोन्ही मार्ग नकळत गमावतो. एएफएमसी, म्हणजे पुण्याचं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, नीटमार्फत प्रवेश देतं. मुलींसाठी सैनिकी परिचर्या सेवेचाही मार्ग आहे.

पदवीनंतर सीडीएस परीक्षा आहे, तीही वर्षातून दोनदा होते. तिच्यातून डेहराडूनची आयएमए, एळिमलाची नौदल अकादमी, हवाई दलाची अकादमी आणि चेन्नईची ओटीए इथे जाता येतं. ओटीएसाठी गणिताचा पेपर नसतो, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असतं, आणि तिथून सुरुवातीला दहा वर्षांची सेवा मिळते. गणितात मागे पडणाऱ्या मुलामुलींनी याची नोंद घ्यावी. हवाई दलासाठी एएफकॅट ही परीक्षा आहे. अभियंत्यांसाठी तांत्रिक शाखांचे थेट मार्ग आहेत. कायद्याच्या पदवीधरांसाठी लष्कराचा जॅग विभाग आहे.

इथे पदवी निवडण्याचा प्रश्न येतो. सीडीएसमधून नौदलात जायचं असेल तर अभियांत्रिकीची पदवी लागते. वैमानिक व्हायचं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीधराला आयएमए आणि ओटीए खुल्या आहेत. ‘एनडीए झालं नाही, मग कुठेही ॲडमिशन घेऊ’ असं करू नका. पदवी निवडतानाच चार वर्षांनंतरची दारं ठरत असतात.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे एनसीसी. सीनियर डिव्हिजनमध्ये राहून ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलं आणि पदवीला ५० टक्के असले, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला बोलावलं जाऊ शकतं. एनसीसीची नोंदणी पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच होते. नकाराच्या दुःखात ते दिवस गेले तर हा मार्ग हातून जातो.

हवाई दलाची वैमानिक निवड चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते. तिच्यात अपयश आलं तर फ्लाइंग शाखेसाठी पुन्हा प्रयत्न करता येत नाही. ग्राउंड ड्यूटी, लष्कर आणि नौदलाच्या इतर शाखा मात्र खुल्या राहतात.

तयारीसाठी महाराष्ट्रात सरकारी सोय आहे आणि ती मोफत आहे. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात सीडीएस आणि एसएसबीची तयारी राहण्या-जेवण्यासह करून घेतात. त्याची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. घरात धाकटं भावंड असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था लक्षात ठेवा. ती १९७७ पासून मुलांना दहावीनंतर एनडीएसाठी घडवते. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली, आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

पैसे घेऊन ‘एसएसबीत सेटिंग’ किंवा ‘मेडिकल क्लिअर’ करून देतो म्हणणाऱ्या माणसाशी बोलणं तिथेच थांबवा. हताश घरं हेरूनच ही माणसं फिरत असतात.

गणवेश हवा की ते काम?

हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. साहस, संघात राहणं, देशाच्या सुरक्षेचं काम, यंत्रं आणि विमानं, की घराला मिळणारी प्रतिष्ठा आणि स्थिर नोकरी? सगळ्यांचं थोडं थोडं असतं. पण त्यातलं सर्वांत जास्त काय ओढतं, त्यावर पर्याय ठरतो.

ओढ सीमेची आणि तुकडी चालवण्याची असेल तर केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या (सीएपीएफ) असिस्टंट कमांडंट परीक्षेचा अभ्यास करा. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी आणि सशस्त्र सीमा बल यांचे अधिकारी तिथून निवडले जातात. आपत्तीत माणसं वाचवणाऱ्या एनडीआरएफमधले जवान आणि अधिकारी याच दलांतून येतात. पुण्याजवळ तळेगाव परिसरात एनडीआरएफची बटालियन आहे. समुद्र ओढत असेल तर तटरक्षक दल आणि मर्चंट नेव्ही आहे. लोकांत राहून काम करायचं असेल तर राज्य पोलिस दलाची फौजदार पदाची परीक्षा किंवा नागरी सेवा आहे.

सैनिक म्हणून भरती होणं हाही मानाचा मार्ग आहे. आधी अटी मात्र नीट समजून घ्या. अग्निवीर म्हणून चार वर्षं मिळतात आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम ठेवलं जातं. सेवेतल्या सैनिकांना अधिकारी होण्यासाठी डेहराडूनचं आर्मी कॅडेट कॉलेजही आहे. जवानाचं काम मनापासून करायचं असेल तरच जा. अधिकारी होण्याआधीचा नुसता मुक्काम म्हणून जाणारा मुलगा तिथे दुःखी होतो.

यंत्रांची ओढ असेल तर महाराष्ट्रासारखी जागा नाही. पुण्यात पाषाण आणि दिघी इथे डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. ओझरला सुखोई विमानांची जोडणी झाली आहे. माझगाव डॉकमध्ये युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात. खुद्द खडकवासल्याच्या परिसरात, गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञानाची डीआयएटी ही उच्चशिक्षण संस्था आहे.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम एरोनॉटिकल इंजिनीअर होऊन डेहराडूनला हवाई दलाच्या मुलाखतीला गेले होते. पंचवीस उमेदवारांत ते नववे आले, आणि जागा आठ होत्या. ते वैमानिक झाले नाहीत. १९५८ साली ते संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात लागले, पुढे रॉकेटं आणि क्षेपणास्त्रांचं काम केलं, राष्ट्रपती या नात्याने तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती झाले, आणि ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० विमानात बसून आकाशात गेले. प्रत्येक नाकारलेला मुलगा कलाम होईल, असं सांगण्यासाठी हे लिहिलेलं नाही. वैमानिकाची जागा हुकल्यावरही त्यांनी विमानांचं आणि आकाशाचं काम सोडलं नाही, एवढंच यातून घ्यायचं.

किती वेळा प्रयत्न करायचा?

वयोमर्यादेत असेपर्यंत एसएसबीच्या प्रयत्नांना संख्येचं बंधन नाही. म्हणूनच बंधन तुम्ही स्वतः घालून घ्यायचं आहे. दोन अटी पाळा. एक, शिक्षण थांबवून तयारी करू नका, पदवी चालू ठेवूनच प्रयत्न करा. दोन, मागच्या वेळेपेक्षा काही बदललं असेल तरच पुढच्या मंडळासमोर जा. काहीच न बदलता चौथ्यांदा, पाचव्यांदा जाणं ही चिकाटी नव्हे. तो हट्ट होतो, आणि पंचविशी उलटल्यावर त्याची किंमत घरादाराला मोजावी लागते.

आईवडिलांसाठी

‘आम्ही एवढा खर्च केला’ हे वाक्य या दिवसांत तोंडून निघू देऊ नका. ‘शेजारचा बघ’ हेही नको. मुलगा गप्प असेल तर त्याच्याजवळ बसा, जेवायला हाक मारा, विचारपूस करणाऱ्या पाहुण्यांना तुम्हीच उत्तर द्या. खूप वडिलांचं स्वतःचं फौजेत जायचं राहून गेलेलं असतं आणि ते मुलाच्या खांद्यावर येतं. तसं असेल तर मुलाला मोकळेपणाने सांगा, ‘माझी इच्छा होती, पण निर्णय तुझा.’ या एका वाक्याने मुलाचं निम्मं ओझं उतरतं. पंधरा दिवस झाले की मात्र पुढच्या योजनेबद्दल शांतपणे विचारा. त्याला एकटं सोडणं हाही आधार नव्हे.

आता काम. या आठवड्यात एक कागद घ्या. त्यावर आपली जन्मतारीख लिहा आणि सीडीएस, एएफकॅट, एनसीसी एंट्री, सीएपीएफ यांपैकी प्रत्येकासाठी आपण कधीपासून कधीपर्यंत पात्र आहोत ते अधिकृत अधिसूचना पाहून मांडा. नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. त्याखाली, आपण कोणत्या टप्प्यावर थांबलो आणि तिथली कोणती एक गोष्ट सहा महिन्यांत बदलणार, ते एका ओळीत लिहा. शेवटी, गणवेश मिळालाच नाही तर मला कोणतं काम करायला आवडेल, याचं उत्तर लिहा. हे शेवटचं उत्तर ज्याच्याकडे तयार असतं, तो पुढच्या मंडळासमोरही मोकळ्या मनाने उभा राहतो, कारण त्याचं सगळं आयुष्य त्या एका निकालावर टांगलेलं नसतं. आणि अधिकारी निवडायला बसलेल्यांनाही असाच स्थिर मनाचा माणूस हवा असतो.